मैना आत्याची गोल्फची वही

मी, सौ. सुभद्रा खुशालराव अकर्ते, वय चोवीस, माहेर अमरावती कॅम्प, हल्ली राहणार अकोला, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हा कागद स्वहस्ते लिहीत आहे. परवा मंगळवारी माझ्या पोटातील गाठीवर शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते दोनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसले.

कलम १. माझ्या पाटल्या व लुगडी धाकटी बहीण शकुन हिला द्यावीत. शेजारच्या गंगूबाई म्हणतात की आमच्याकडची पितळी परात त्यांची आहे. ती आमची आहे. मागच्या बाजूस वडिलांचे नाव कोरलेले आहे. तरी वाद नको, ती त्यांना द्यावी. नाव मात्र खोडू नये.

कलम २. गोल्फच्या सहा काठ्या. माझे वडील शालिकराम बावीस वर्षे कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात गोल्फच्या मैदानाचे माळी आहेत. मोडून टाकलेल्या काठ्या त्यांनी रीतसर विचारून घरी आणल्या व त्यांना नवे दांडे बसवले. लांब माराच्या दोन, मधल्या तीन आणि गलीजवळ, म्हणजे चेंडू पाडायच्या खड्ड्याजवळ, तो हलकेच ढकलायची एक. याही शकुनला द्याव्यात. दिव्याच्या तेलाने पुसाव्यात, भिंतीला टेकवून ठेवू नयेत, दांडा वाकतो.

कलम ३. वही. खरे तर याच कलमासाठी हा कागद आहे.

मला अक्षरे वडिलांनी बियाण्यांच्या पुड्यांवरून शिकवली. खेळ शिकवला तो वडिलांची बहीण मैना आत्या हिने, आणि ती क्लबाच्या कुंपणाच्या आत कधी गेलेली नाही. पहाटे वडील मैदानावर गेले की आम्ही दोघी आमच्या ज्वारीच्या वावरात असायचो. आत्या राखणीच्या उंच माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरे हाकायची, मी खाली पडीक पट्ट्यात चेंडू मारायची. माझा चेंडू पंधरा हातांवर मरायचा.

"थांबून काहून राह्यली व?" आत्या वरून ओरडली. "तो चेंडू का भेंडीचं रोप हाय?"

माझी चूक तिने तेव्हाच धरली. आमच्या घरात सगळ्यांचे हात खुरपणीचे. मुळाला धक्का नको म्हणून खुरपे रोपाशी आपोआप थबकते. काठीही तशीच चेंडूपाशी थबकत होती.

आत्या खाली उतरली. माझ्या हातात गोफण दिली. "फिरव. आता सांग, आंदी काय वळते? कंबर. मंग खांदा. हात सगळ्याईच्या मांगून येते. हात आंदी धावला त गोटा शेजाऱ्याच्या वावरात."

सात दिवस तिने मला काठीला हात लावू दिला नाही. आठव्या दिवशी चेंडू बांधापलीकडे गेला. ती हसली नाही, फक्त म्हणाली, "आता दहा डाव असाच मार. एक त कोनीबी मारते."

पुढच्या वर्षी उत्तमराव वकील आमच्या पट्ट्यात शिकायला येऊ लागले. क्लबात नवे होते, तिथे चुकण्याची लाज वाटायची. त्यांचीही काठी वाकडी जायची. माळ्यावरून आत्या म्हणाली, "वकीलसायेब, मुंडकं वर करून पायता कायले? चेंडू कुठी पळून नाई जात!" ते चिडले नाहीत. दोन महिने रोज सहाला येत, बोलणी खात. त्यांना चषक मिळाला. सत्काराच्या भाषणात मात्र ते म्हणाले, हे सर्व मी इंग्रजी पुस्तकातून शिकलो. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण आता माझेच लिहिते. गेल्या वर्षी मी आत्याच्या सूचना शुद्ध भाषेत वहीत उतरवल्या. काठी धरावी ती वांग्याचे रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात नेताना धरतो तशी, निसटू नये आणि चेंगरू नये. वारा समोरून असेल तर जोर वाढवू नये, काठी बदलावी. बिघडलेला मार पुढच्या मारापर्यंत वाहून नेऊ नये. अशा एकेचाळीस सूचना. वहीवर लिहिले: 'लेखिका, सौ. सुभद्रा.' आत्याचे नाव कुठेही नाही. तिला वाचता येत नाही, तिला कळणार नाही, असे माझ्या मनात आले होते. उत्तमरावांनी एका भाषणात केले ते मी एकेचाळीस वेळा केले. यजमानांनी वही छापण्याचे ठरवले आहे. मी उठले नाही तर ती माझ्याच नावाने छापली जाईल.

म्हणून वहीचे सर्व हक्क मी मैना आत्याला देत आहे. नाव तिचेच छापावे. माझ्यासाठी 'लिहून घेणार' एवढे पुरे. एक प्रत उत्तमरावांना नमस्कार सांगून द्यावी. त्यांच्यावरचा राग मी सोडला आहे, बराचसा.

काल आत्या अमरावतीहून आली. तिला मी सगळे सांगितले. ती रागावेल या भीतीने रडू आले. ती म्हणाली, "नावाले काय करतो मी? वाच तू, चुकलं का पायतो." मी पहिल्यापासून वाचले. नवव्या सूचनेत मी डावा पाय लिहिला होता, तिने उजवा करवला. एकेचाळीस संपल्यावर म्हणाली, "अन् गलीजवळचं? तेच त खरं. लांब मारून मर्द फुशारक्या मारते, डाव जित्ते तो जवळचा मारनारा."

मी लेखणी घेऊन बसले.

"आज नाई," ती म्हणाली. "मंगळवारनंतर."

"आत्या, आणि मी उठलेच नाही तर..."

"मले नोको शिकवू. मी सांगीन त तुलेच सांगीन."

मी पुष्कळ विनवले. ती भाकरी थापायला उठून गेली. तेव्हा वहीची शेवटची बारा पाने कोरी आहेत. जे मला अजून मिळालेले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. ती बारा पाने या कागदातून वगळली आहेत. ती मी स्वतः भरायची आहेत.

आत्याला हक्क मिळत असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. पुढील दोघांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

सौ. सुभद्रा खुशालराव अकर्ते

साक्षीदार: १. जानराव भगवंत होले, शिक्षक. २. लीलाबाई शेषराव भुयार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम अकोला, रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९३७.