धाकटीला, ऑपरेशनच्या आधी

चिरंजीव धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

नेहमीसारखं मी सांगते आहे, नात लिहिते आहे. मी ठीक आहे, खोली उबदार आहे. हे पोचेल तोवर घशाचं ऑपरेशन झालेलं असेल. जीव राहील, आवाज जाईल. फोनवर सांगितलं असतं, तर तू गळा काढला असतास.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कधी गायलात का?" म्हटलं, "न्हाणीघरात." नात रडली. मला काहीच वाटलं नाही.

जन्मभर सिनेमात नट्यांनी ओठ हलवले आणि गायले मी, घरोघरी वाजले. आता ओठ मी हलवणार.

तुझे गुडघे कसे आहेत? फोन करत जा. तुझी बडबड मध्येच तोडणारं आता कुणी नाही. पलीकडून काही ऐकू आलं नाही तरी ठेवू नकोस, मी असेन.

तुझी ताई