पुढची गाडी

चि. जिनेट,

क्लबच्या सभेत हिवाळ्यातल्या बर्फगाड्यांच्या फेऱ्या ठरत होत्या आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "यंदा बाबांची स्नोमोबिल पुढे नको." अगं, या जंगलातल्या वाटा मी आखल्या! तुला पुढ्यात बसवून शिकवलं, त्याचे हे पांग फेडलेस? वर क्लबातला तो पोरगा गास्तों हसतो, "काका, तुम्ही मागून डबे सांभाळा!" तळपायाची आग मस्तकात गेली. टोपी उचलली नि निघालो.

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून लिहितो. मार्चमध्ये सहा गाड्या मागे घेऊन मी तळ्याच्या पातळ बर्फावर निघालो, तेव्हा तूच आडवी आलीस. धोक्याची लाल पाटी मला दिसलीच नव्हती. सभेत हे का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस, तर तुझ्यावर धड रागावता तरी आलं असतं.

तुझा बाबा,
ओदिलों