संपर्काच्या रकान्यातला माझा नंबर

रावेत, मंगळवार, संध्याकाळ

आज सात फोन, सगळे नोकरी विचारणाऱ्यांचे. चाकणच्या त्या कंपनीची वेबसाइट बनवताना नोकरीच्या जाहिरातीत संपर्काचा रकाना मीच ठेवला, आणि चाचणीपुरता त्यात माझा नंबर भरला. काढायचा राहिला. आता तिथले एचआरचे सर नवी जाहिरात टाकतात, रकाना आधीच भरलेला दिसतो, ते पुढे जातात. गाढवपणा माझाच, बोलणार कुणाला?

दुपारी सरांना विचारलं, "कुणाचा नंबर टाकू?" तर हसले. "इथं फोन उचलायला कोण बसलंय, मॅडम? राहू द्या तुमचाच."

इतका संताप आला की सगळ्या जाहिरातींतला नंबर पुसायलाच बसले. तेवढ्यात परत फोन. जालन्याहून आलेला कुणी, कंपनीच्या गेटवर उभा. म्हटलं, "दादा, मी कंपनीची नाही हो. मला काहीच ठाऊक नाही."

"असू द्या ताई. सकाळपासून पाच-सहा कंपन्यांला फोन लावले. उचलला फक्त तुम्हीच."

नंबर पुसला नाही मी. का नाही पुसला? आणि आता फोन पुन्हा वाजतोय, तो उचलावाच लागणार.