तात्पुरता लावलेला फोटो

अव्वा,

तुला न विचारता मी तुझा फोटो चटणीच्या पाकिटावर छापला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील, फिरवून फिरवून काय बोलतेस, कामाचं बोल. तू जाऊन सोळा वर्षं झाली आणि अजून तुझ्याशी, स्वतःच्या आईशी, बोलताना मी घाबरते, याचाही मला राग येतो. सध्या मला पुष्कळ गोष्टींचा राग आलेला आहे. चटणीच्या त्या कारखानदाराचा आहे, फोनचा आहे, माझा स्वतःचा तर आहेच, आणि खरं सांगायचं तर थोडा तुझाही आहे. तुला वाचता यायचं ते कन्नड, तेही चौथीपर्यंतचं, आणि मी लिहितेय मराठीत. त्यामुळे पाठवायची सोय असती तरी या पत्राचा तुला काही उपयोग नव्हता.

मी काय काम करते हे तुला कळायचं कारण नाही, तू गेलीस तेव्हा असलं काम सोलापुरात कुणी करत नव्हतं. मी दुकानांची जाहिरात करते, फोनवर. म्हणजे करत होते. घरातल्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन फोन. कुणाच्या नोकरीत नाही, म्हणून सगळेच मला नोकर समजायचे. डोळ्यांचा एक दवाखाना, साड्यांची दोन दुकानं, टॉवेलचा एक कारखाना, शिकवणीचे वर्ग, करकंबकडचा एक हुरडा पार्टीवाला. या सगळ्यांच्या वतीने मी रोज लोकांना सुप्रभात म्हणायचे. संक्रांतीचा तिळगूळ मी डिसेंबरातच वाटून मोकळी व्हायचे, कारण पोस्ट आधी बनवून वेळ लावून ठेवायची असते. मग खऱ्या संक्रांतीला माझ्या हातात काही उरायचं नाही. मी रामनवमीच्या चित्रावर बसलेली असायचे. पोळी तव्यावर आणि एक हात फोनवर, ‘मॅडम, कालच्या पोस्टला लोकच आले नाहीत’. जणू लोकांना घरी जाऊन मीच ओढून आणायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर नाच पाहिजे होता. बारा वर्षं मी हे केलं, आणि चांगलं केलं. लोक पहिल्या तीन सेकंदांत कशाने थांबतात हे मला झोपेतही सांगता येतं. आई म्हटलं की थांबतात.

तुझा धंदा मला पाठ आहे. बाळीवेशीतल्या आपल्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत भाकऱ्यांची चवड, मागे चूल आणि उखळ. ज्वारीची भाकरी तू इतकी पातळ थापायचीस आणि तव्यावर इतकी कडक करायचीस की मोडली तर आवाज पुढच्या खोलीत यायचा. शेंगादाणे भाजून, लसूण आणि तिखट घालून उखळात कुटायचीस, तेल सुटेपर्यंत. आणि गिऱ्हाईक आलं की वजन करायच्या आधी त्याच्या तळहातावर चिमूटभर चटणी ठेवून विचारायचीस, "काय कमी हाय?" चांगली झालीय का, असं कधीच नाही. कुणी ‘लई भारी’ म्हणालं की तुझं तोंड वाकडं व्हायचं. त्याला काही कळत नाही म्हणायचीस, आणि मीठ जरा पुढे आहे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला मूठभर जास्त द्यायचीस. मी दहा वर्षांची असताना जरा लांब राहणाऱ्या एका शिक्षिका बाईंना मी चटणी दिली आणि आजचीच आहे म्हणून सांगितलं. ती परवाची होती. तू मागच्या खोलीतून ऐकलंस, हातातलं मुसळ ठेवलंस, माझं मनगट धरलंस आणि भर उन्हात मला तीन गल्ल्या चालवत त्यांच्या दारात उभी केलीस. "परवाची हाय ते सांग," एवढंच म्हणालीस. मी सांगितलं. बाई हसल्या, म्हणाल्या, अहो ही चटणी महिनाभर टिकते, लेकराला कशाला रडवता. तू हसली नाहीस. दहावीला मला चौऱ्याऐंशी टक्के पडले, गल्लीत पेढे वाटले गेले, आणि तू गुणपत्रिका हातात घेऊन कशात कमी पडले तेवढं विचारलंस. भूमितीत, म्हणाले. मान हलवलीस आणि पीठ मळायला घेतलंस. मला कित्येक वर्षं प्रश्न पडायचा की हे धंद्याचं माप तू पोरीलाही का लावलंस.

आता चटणीचं सांगते. अक्कलकोट रोडला एक कारखाना आहे, शेंगा चटणीचा, टेंभुर्णीला हायवेवर त्यांचं मोठं दुकानही आहे. मालक माझ्यापेक्षा लहान, गोड बोलणारा. त्यांच्या नव्या पाकिटाचं चित्र आणि पेजवरचा मजकूर माझ्याकडे आला. पाकिटावर एक आजीबाई पाहिजे म्हणाले, फोटो पाठवतो. फोटो आला नाही. आमच्यात अशा वेळी जागा भरायला तात्पुरता काहीतरी फोटो लावतात, तात्पुरत्या ओळी लिहितात, म्हणजे गिऱ्हाइकाला अंदाज येतो. खरा माल आला की हे काढून ते लावायचं. माझ्या कॉम्प्युटरवर तुझा एक फोटो होता, मामाच्या मुलाने काढलेला. उखळापाशी तू, हातात मुसळ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि त्या पट्ट्यांना मोडणाऱ्या आठ्या, कारण कामात फोटो काढला म्हणून तू त्याच्यावर चिडली होतीस. तो लावला. खाली सहज लिहिलं, ‘उखळात कुटलेली, अव्वाच्या हातची’. कारखान्यात उखळ नाही, अव्वा. तिथे यंत्र आहे, माझ्या खांद्याएवढं. पण तात्पुरतंच होतं ना.

मालकाने तासाभरात फोन केला. "हीच बाई पायजे मॅडम. आन् शब्दबी हेच ऱ्हाऊ द्या." फोटो कुणाचा हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याला वाटलं, विकत मिळतात त्यातला असेल. मला त्याच क्षणी नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, कारण मला बरं वाटलं. सोलापूरच्या प्रत्येक किराणा दुकानात तू टांगलेली असशील, या विचाराने मला बरं वाटलं. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

एकदा फाइल सगळ्यांच्या हातात गेली की ती कुणाचीच राहत नाही, हे मी या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलींना शिकवत आले. आधी तुझ्या आठ्या गेल्या. छपाईच्या माणसाने पुसल्या, आजी रागीट दिसते म्हणून. मी चालू दिलं. मग विभूती गेली. ‘सगळ्या गिऱ्हाइकांना आपली वाटली पायजे’ असं मालक म्हणाला. त्या जागी रुपयाएवढं कुंकू आलं. अप्पा गेल्यावर तू कुंकू पुसलंस आणि विभूती ठेवलीस, शेवटपर्यंत रोज सकाळी अंघोळीनंतर तीन बोटं फिरवलीस, आणि कुठल्यातरी पोराने बसल्या जागी ती उडवून तुला सवाशीण केलं. तरी मी ते पाकीट मंजूर केलं, कारण ते ज्या मेळ्यात पहिल्यांदा विकायला ठेवायचं होतं त्याची तारीख जवळ आली होती. मला माझं तोंड फोडावंसं वाटतं.

गेल्या वर्षी एका सकाळी मी त्यांचं पेज उघडलं तर तू बोलत होतीस. आता फोटोला बोलायला लावता येतं, यंत्राने. ओठ हलत होते, डोळे मिटत-उघडत होते, मुसळ धरलेला हातही जरा हलत होता. आवाज पुण्याकडच्या कुण्या बाईचा, साखरेत घोळलेला. ती म्हणत होती, "जेवलीस का गं बाळा? थांब, गरम भाकरी वाढते." त्या पेजवर इतकी माणसं कधीच आली नव्हती. खाली लोक रडत होते. माझ्या आईची आठवण आली, माझी आजी अशीच बोलायची, अशा आया आता कुठे राहिल्या. मालकाचा मेसेज होता, ‘मॅडम, धुरळा!’ मी ते वाचत बसले. गेली बारा वर्षं लोकांना मी हेच खाऊ घातलं होतं. फक्त दर वेळी आई दुसऱ्या कुणाची असायची.

मी रिक्षा करून कारखान्यात गेले. मालक पाकिटं मोजून घेत होता, मला बघून खूश झाला, चहा सांगितला. मी उभ्याउभ्याच म्हणाले, ती माझी आई आहे, तिला जाऊन पंधरा वर्षं झाली, ती कानडी हेल काढून बोलायची आणि कुंकू लावत नव्हती. तो खुर्चीतून उठला. खरंच उठला, हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला वाटलं, सुटले. मग खाली बसून तो हळूच म्हणाला, "मॅडम, हे आदी सांगायचं की. केवढी मोटी स्टोरी होती ही. तुमी सोता कॅमेऱ्यापुढं बसून बोलला असता तर?"

दुष्ट माणूस असता तर मी ओरडून मोकळी झाले असते. तो दुष्ट नाही, त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि त्या वाईट वाटण्याचं काय करायचं असतं ते मीच त्याला शिकवलं होतं. तीन वर्षं दर महिन्याला मी त्याला सांगत होते की घरातलं काहीतरी द्या, लोकांना खरं आवडतं. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढा. त्याने माझ्यासमोर तो व्हिडिओ पेजवरून काढून टाकला. पाकिटं मात्र छापील रोल संपेपर्यंत चालतील म्हणाला, आणि ती अजून चालू आहेत. नव्या पेठेत एका दुकानात तू दारालाच लटकलेली असतेस, हसत, कुंकू लावून. मी आता त्या रस्त्याने जात नाही.

घरी येऊन मी एकेकाचं काम सोडलं. पासवर्ड कागदावर लिहून स्वतः नेऊन दिले. साडीवाल्या काकू म्हणाल्या, एवढं चांगलं चाललेलं कुणी सोडतं का, काही दुखतंय-खुपतंय का तुला. डॉक्टरांना फक्त पुढच्या आठवड्याच्या पोस्टची काळजी होती. माझी स्वतःची सगळी खातीही बंद केली. कुणी विचारलं नाही कुठे गेले म्हणून, पंधरा दिवसांनी एका मैत्रिणीने फोन करून बरी आहेस ना एवढं विचारलं. आता टॉवेलवाल्यांच्या परदेशी व्यापाऱ्यांना माहितीपत्रकं लिहून देते. किती सूत, किती वजन, धुतल्यावर किती आटतो. आटतो तेही लिहिते. काम कमी आहे आणि कंटाळवाणं आहे. पहिले दोन महिने हात आपोआप फोनकडे जायचा, भाजी चिरताना, बाथरूममध्ये, देवापुढे बसल्यावरसुद्धा. गेला की मी स्वतःलाच शिवी द्यायचे. मोठ्या शहाणपणाने सोडलं असं लोकांना वाटतं. शहाणपण कसलं, मी चिडून सोडलं, आणि राग अजून उतरलेला नाही.

तुझा राग का, तेही ऐक. ‘लई भारी’ हे दोन शब्द तू मला एकदा जरी म्हणाली असतीस तर दिवसभर परक्या माणसांचे लाल बदाम मोजायच्या धंद्यात मी पडले नसते. हे खोटं असेल. कदाचित तरीही पडले असते. पण मला हे तुला एकदा म्हणायचं होतं, आणि तू जिवंत असताना माझी छाती झाली नाही. मी पुण्याला पहिल्या नोकरीला निघाले तेव्हा स्टँडवर तू माझ्या हातात भाकऱ्यांचा डबा दिलास आणि गाडी सुटायच्या आधीच मागे वळलीस. मी खिडकीतून तुझी पाठ बघत होते.

एक राहिलं. कारखान्यात जायच्या आधी मी तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला. पुरावा म्हणून, असं स्वतःला सांगितलं. भांडण तिथल्या तिथे मिटलं, पुरावा कुणी मागितला नाही, आणि व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. तिचं कुंकू खोटं, तिचं हसू खोटं, आवाज कुठल्या बाईचा देव जाणे. आणि ते वाक्य तर मीच लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी मदर्स डेच्या पोस्टसाठी. त्यांनी तिथूनच उचललं. तू असं कधीच विचारलं नव्हतंस, ताट पुढे सरकवायचीस, बस्स. हे सगळं मला माहीत आहे. तरी दुपारी पान वाढून घेतलं की मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि लावते. ती विचारते, जेवलीस का गं बाळा. आणि मी मोठ्याने सांगते, नाही गं अव्वा, अजून नाही.