खडूचे आकडे

शनिवार, ता. १४
सकाळी साडेसात

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. बस सुटता सुटता खिडकीतून वाकून तू मला विचारलंस, "वन्सं, माझं काय चुकलं?" त्याला आज आठ दिवस झाले. मला अजून उत्तर देता आलेलं नाही. तेव्हा मी नुसता हात हलवला. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, नणंद किती प्रेमाने निरोप देतेय.

आधी खुशाली लिहिते, म्हणजे हात चालता होईल. आम्ही सगळे बरे आहोत. शेगडी अजून बाहेरच्या खोलीत स्टुलावरच आहे. आईचा पदर रोज एकदा तरी तिच्यात अडकतो, मग आई शेगडीला नावं ठेवते आणि शेगडी बिचारी ऐकून घेते. ओटा रिकामा आहे. मागची भिंत बाबांनी टाचे मारून खडबडीत करून ठेवली होती, तशीच आहे. तुझ्या शिलाई मशीनवर मी चादर घातली आहे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते कळव. (गुडघा खरंच दुखतोय ना? दुखत नसला तरी कळव.)

टाइल्सचं जे झालं ते झालं. कुठल्याही कामात असं होतं. बाबा म्हणतात, भिंत काय कुठे पळून जातेय?

वरचे चार शब्द पुन्हा वाचले. "जे झालं ते झालं." खोडणार होते, पण राहू दे. गेले आठ दिवस मी घरात कशी बोलतेय ते तुला त्यावरून कळेल. जणू टाइल्स आपल्या पायांनी चालत गेल्या आणि पाण्यात उतरल्या.

वहिनी, मी शाळेत असल्यापासून ओट्यामागची भिंत करायची चर्चा आपल्या घरात चालू आहे. बाबांनी तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांना टाइल्स बसवल्या आणि आपल्या ओट्यामागे मात्र तेलाने काळवंडलेला पिवळा रंग. आई म्हणायची, दिव्याखाली अंधार तो हाच. नोकरी लागली तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की ही भिंत मी करणार. पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एकसारख्या टाइल्स, कडेला बारीक निळी रेघ. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून चित्र काढलं होतं. घरातलं पहिलं माणूस शिकलं, आता भिंतसुद्धा शिकल्यासारखी दिसली पाहिजे, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. हसू नकोस. दुकानातून नमुन्याची एक टाइलही आणली. बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बघू हं, बीए." निकाल लागल्यापासून मी बाबांची बीए आहे आणि ते नाव मला किती आवडतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आणि मग तू झाडू मारता मारता पलंगाखालची लोखंडी पेटी बाहेर ओढलीस.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा तुम्ही दोघं जमिनीवर बसला होता. भोवती वर्तमानपत्राचे कागद आणि टाइल्स. मी पिशवी खांद्याला लावून दारातच उभी राहिले. बाबा एक निळी टाइल हातात धरून सांगत होते, "ही न्यायाधीशांच्या घरची. बाईसाहेबांनी तीनदा रंग बदलला. साहेब कोर्टात रोज निकाल देतात, घरी काही देता येईना." तू खो खो हसलीस. मग ती कोपरा उडालेली हिरवी, बाबांनी आयुष्यात बसवलेल्या पहिल्या भिंतीतली. मग त्या दोन पिवळ्या, त्या घरच्या म्हातारीने बाबांना महिनाभर रोज दुपारी जेवायला वाढलं होतं. काम संपलं की बाबा प्रत्येक घरात म्हणायचे, "एखाद-दुसरी ठेवू का?" कुणी नाही म्हणायचं नाही. ते ऐकून तू म्हणालीस, "मग आपल्या भिंतीला याच लावू या ना!"

वहिनी, बाबा इतकं बोलतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचे अर्ज मी भरते, पत्रं मी लिहिते, पेपर मी वाचून दाखवते. मला वाटायचं, बाबांचं सगळं मला ठाऊक आहे. आणि ती पेटी! दहावीपासून पदवीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास पेटीवर बसून झाला. दिवसा बाहेर ओढायची, वर उशी टाकायची, झोपताना परत आत सारायची. आत काय आहे हे मी एकदाही विचारलं नाही. तू घरात येऊन पाच महिने झाले होते, आणि तू विचारलंस.

दारात उभ्या उभ्या मला जे वाटलं, त्याला त्या वेळी मी दुसरंच नाव दिलं. मी त्याला तत्त्व म्हटलं. आठवतंय? जेवताना मी भाषण ठोकलं. दुसऱ्यांच्या घरचं उरलंसुरलं आपण भिंतीवर का लावायचं, आपल्यालाही काही मान आहे की नाही, वगैरे. बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "उरलेलं कुठलं गं? मागून घेतलंय मी." मग हळूच, "मांडून तर बघू दे तिला."

तिला. माझं चित्र कपाटावर होतं, वहिनी, आणि मांडायला तुला सांगितलं.

चार दिवस मधल्या खोलीत जमिनीवर टाइल्स होत्या आणि आम्ही भिंतीला पाठ घासत ये-जा करत होतो. तू शिंप्याच्या दुकानात वाढलेली. कापडाचे तुकडे जुळवावेत तशा तू टाइल्स हलवायचीस, मागे सरकून डोळे बारीक करायचीस. "या दोन हिरव्या शेजारी नकोत, जावा-जावांसारख्या भांडतील." आईसुद्धा हसली होती. चौदाच्या चार ओळी, म्हणजे छप्पन. बाबांच्या पेटीत निघाल्या पंचावन्न. छप्पन्नावी म्हणून तू माझी नमुन्याची पांढरी टाइल घेतलीस आणि म्हणालीस, "वन्सं, ही इथे, चहाच्या जागेवर. सकाळी तुम्ही इथेच उभ्या असता."

मी म्हणाले, "पांढऱ्यावर डाग दिसतात."

तू मला जागा करून देत होतीस. मला वाटलं, पंचावन्न स्वतःच्या आणि एक माझ्या पदरात टाकतेय.

आता भिजवण्याचं लिहिते. कोरडी टाइल बसवली तर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि पुढे सुटून पडते, म्हणून आदल्या संध्याकाळी भिजत घालायची. आठ वर्षांची होते तेव्हापासून बाबांच्या कामावर गेले की भिजवायचं काम माझं. बाबा कधी काही चित्र मांडून बसवणार असले, तर पाठीमागे पेन्सिलने आकडे घालतात. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तू कशाला विचारशील? तुमच्याकडे कापलेल्या तुकड्यांवर शिंप्याच्या खडूने खूण करतात. तू तसंच केलंस. एक ते छप्पन, किती सुबक आकडे! मग त्या रचून माझ्यासमोर आणल्यास. "वन्सं, एकदा बघून घ्या, काही राहिलं नाही ना?"

मी बघितलं. खडू बघितला.

म्हणाले, "ठीक आहे."

पहिली टाइल मी पाण्यात ठेवली तेव्हा तिच्या पाठीवरचा एकाचा आकडा जरा वेळ तसाच दिसला, मग विरघळायला लागला. तेव्हा हाक मारली असती तर पंचावन्न वाचल्या असत्या. मी दुसरी ठेवली. सगळ्या ठेवल्या. हात पुसले. आईने विचारलं, झालं का? म्हटलं, झालं.

सकाळी बाबांनी एकेक काढून उलटी केली. पाणी दुधासारखं झालं होतं. "आकडे कुठायत?" तू म्हणालीस, "खडूने घातले होते." बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट. आई मात्र फटकन बोलली, "शिकलेल्या पोरीला तरी विचारायचं होतंस!" आणि मी, टॉवेल हातात धरून, म्हणाले, "मला दाखवलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, "दाखवलं होतं की." तू खाली मान घालून टाइल्स पुसायला लागलीस. बाबा म्हणाले, जशा हाताला येतील तशा बसवून टाकतो. तू म्हणालीस, "नको बाबा, राहू द्या." आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा गुडघा दुखायला लागला.

अजून एक आहे. तू गेलीस त्याच दुपारी आईने मला दादाला पत्र लिहायला बसवलं. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. तुझ्या बायकोने न विचारता आपल्या मनाचं केलं, बाबांचं चार दिवसांचं काम पाण्यात घातलं, आणि दोन शब्द बोलले तर रुसून माहेरी गेली. ते अक्षर माझं आहे. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात. दादा इतक्या लांब कामावर, त्याला घर दिसतं ते माझ्या अक्षरातून, आणि त्या अक्षरात मी त्याची बायको अशी दाखवली.

काल मी रजा काढली. मधली खोली झाडली, टाइल्स काढल्या आणि मांडायला बसले. मला वाटलं होतं दहा-बारा आठवतील. वहिनी, मला सगळ्या आठवल्या. पहिल्या ओळीत डावीकडून कोपरा उडालेली हिरवी, मग विटकरी, मग न्यायाधीशांची निळी... हात थांबतच नव्हता. चार दिवस मी त्या मांडणीकडे इतकी जळून बघत होते की कुठल्या परीक्षेसाठी इतकं पाठ केलं नसेल. आणि जळत का होते तेही कळलं. ती मांडणी सुंदर होती. माझं आलेखावरचं चित्र कुठल्याही घरात चाललं असतं.

दुपारी बाबा आले. दारात उभे राहून बराच वेळ बघत होते.

"तिचीच आहे की ही."

"हो."

"आकडे नसताना कशी मांडलीस?"

"पाठ होती."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

मी सांगितलं. खडू दिसला होता तेही सांगितलं. बाबा खाली बसले आणि पांढऱ्या टाइलवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चुकीची बसलेली टाइल ओली असेतो काढावी, बीए. वाळली की भिंत घेऊन निघते." थोड्या वेळाने, "ती कधी येईल?" आणि लगेच म्हणाले, "लिही तिला. मला सांगितलंस तेच लिही, सजवू नकोस."

छप्पन टाइल्स आहेत तशा जमिनीवर आहेत. त्या दोन पिवळ्यांमधली कुठली डावीकडे आणि कुठली उजवीकडे, तेवढं मला काही केल्या आठवत नाही. बाबा म्हणतात, दोन्ही सारख्याच तर आहेत. तू म्हणाली होतीस की एक जास्त तापलेली आहे. मला ते दिसत नाही. ते तुलाच दिसतं.

बाकीच्या चोपन्न टाइल्सच्या पाठीवर मी आकडे घातले आहेत. पेन्सिलने.

* * *

साडेअकरा वाजले. मध्ये थांबले होते.

वर जे लिहिलंय ते सगळं मी आई-बाबांना ओट्यासमोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. "मला दाखवलं असतं तर" या वाक्याशी आई उठली. वाटलं, निघून गेली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "मी बोलले गं तिला," म्हणाली. "भरल्या घरात बोलले." मग माझ्याकडे न बघता, "लिही, ये म्हणावं. मी सांगितलंय असं लिही." माझ्याशी ती अजून बोललेली नाही. मी कोपऱ्यात बसून याची दुसरी प्रत काढली, ओळ न् ओळ, आईने सांगितलेल्या त्या पत्राबद्दल लिहिलंय त्यासकट. वर दादाचा पत्ता घातला आणि मघाशी जाऊन टाकून आले. आता तुला माझी चूक झाकता येणार नाही, आणि मलाही नाही.

तुझं काही चुकलं नव्हतं.

तुझी,
आकडे बघून गप्प बसलेली
नणंद