पेटीवरचा अॅम्प

रविवार, संध्याकाळ. वरोरा.

अजून हसू आवरत नाहीये, म्हणून आधी लिहून टाकतो.

उद्या धानोऱ्याला आमच्या गायन पार्टीचा भीमगीतांचा कार्यक्रम. बाबांचा गिटारचा जुना व्हॉल्व्हवाला अॅम्प हल्ली मधेच बंद पडतो. म्हणून कंपनीने पुन्हा काढलेलं तेच मॉडेल मी नागपूरहून आणलं. बाबांचं एकच पालुपद, "नवा कोरडा वाजते. त्याच्यात ती झणझण नाई."

शेवटी म्हटलं, डोळे मिटा आणि ओळखा. वायर बदलत वाजवत गेलो. दर वेळी बरोबर! माझा चेहराच उतरला. खरंच काही कमी आहे का नव्यात?

जुना अॅम्प घरी काय, मंडपात काय, कायम वायरींच्या पत्र्याच्या पेटीवर असतो. जमिनीवर ठेवला तर लाकडाला उधई लागेल, ही बाबांची भीती. पुसायला म्हणून तो उतरवला आणि टेबलावरचा नवा सहज पेटीवर ठेवला. त्यालाच वायर जोडून तार छेडली.

"हा आपला!" बाबांचे डोळे मिटलेलेच. "आयक ती झणझण."

मी वाकून पाहिलं. पेटीची सैल कडी थरथरत होती. म्हणजे इतकी वर्षं ती झणझण कडीची?

"काऊन हासून राह्यला?" बाबांनी डोळे उघडले. कडी बोटाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग माझ्याहून जोरात हसले.

आतून आई म्हणाली, "कवाची सांगून राह्यली मी, ते कडी ठोकून घ्या म्हणून."

बाबा एकदम गंभीर. "कडीले कोणी हात नाई लावायचा."