गाडी दारातच आहे

लिझेल,

पप्पा माझा शिडाचा बोर्ड घेऊन समुद्रात गेलेत. एकटे. मला अजून खरं वाटत नाहीये. चहात मीठ घातलं आणि अख्खा कप संपवला.

ठरलं होतं की मी इथून, मेल्कबोसहून, बोर्डावर वाऱ्याबरोबर किनाऱ्याकिनाऱ्याने आयझरफोंटेन गाठायचं आणि पप्पांनी गाडी घेऊन तिथे थांबायचं. काल जेवताना तू त्यांना म्हणालीस, "हृदयाचं दुखणं आहे, आता गाडीबिडी चालवू नका." त्यांनी तुझं ऐकलं. गाडी दारातच आहे.

शेजारच्या मागडामावशींनी त्यांना निघताना पाहिलं. पप्पा त्यांना म्हणाले, "पोरांना सांगा, पोचल्यावर भूक लागेल." पप्पांनी शीड शेवटचं धरलं तेव्हा आपण जन्मलोही नव्हतो.

या आग्नेय वाऱ्यात बोर्डाला मागे फिरता येत नाही, म्हणून मी गाडीने पुढे आयझरफोंटेनला जाऊन थांबतो. बचाव नौकेला कळवलंय. तू फोनजवळ बस. रडू नकोस, आधी त्यांच्या गोळ्या शोध.

दात पेल्यात काढून ठेवलेत, म्हणजे आपण आपटणार हे त्यांना ठाऊक होतं. ते मी सोबत नेतोय. किनाऱ्याला लागल्यावर मला शिव्या घालायला त्यांना लागतीलच.

डेनवर